तिसऱ्यांदा विचारलेला कौल

घाटकोपर,
२० ऑक्टोबर १९८६

प्रिय शेवंतीअक्का,

पत्र बघून घाबरू नकोस, मी आहे अजून. नुसती आहे असं नाही, चांगली चरफडते आहे. महिना झाला, तू या घरात पाय टाकला नाहीस. का टाकला नाहीस ते मला ठाऊक आहे आणि ठाऊक असूनही मी गप्प बसले.

आधी तब्येतीचं सांगते. छातीवरची जखम भरली, पण गाठ कॅन्सरची होती म्हणून इंजेक्शनं मागे लागलीत. शी! तोंडात सारखा गंजका खिळा धरल्यासारखी चव. शेजारी कुणी फोडणी टाकली की माझी आतडी वर येतात. उशीवरचे केस मीच गोळा करून टाकते. पण खरं सांगू, शरीराची मला एवढी किळस येत नाही. माणसांची येते. चाळीतल्या बायका खुर्चीच्या टोकाला टेकतात, चहा नको म्हणतात आणि जाताना नळावर खळाखळा हात धुतात. अगं, मी आजारी आहे, बहिरी नाही! आणि समोरची उत्तरा बोलते माझ्याशी, पण नजर सगळी माझ्या पदरावर, कुठली बाजू सपाट झाली ते बघायला. वीट आलाय मला.

त्यात आमचे मोठे दीर, गुणाजीभाऊजी. दर आठवड्याला नवा अंगारा पाण्यात कालवून पाजतात, तोही समोर उभं राहून. गणपतीला गावी गेले तेव्हा रवळनाथाला माझ्यासाठी कौल लावून आले. विधवा बहिणीच्या हातचं खाते म्हणून हिला औषध लागू पडत नाही का, असं गुरवाकडून विचारलं म्हणे, आणि देवाला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची पाकळी पडली. झालं! देवाचा होकार. आई गेल्यावर शाळा सोडून जिने मला भरवलं, तिच्या हातात म्हणे दोष. आमचे हे भावासमोर तोंड उघडतील तर शपथ. आणि मी? मीही घाबरले गं. मरणाच्या भीतीने माणूस किती हलकं होतं, ते मी स्वतःवरून बघितलं.

काल रविवारी भाऊजींचे दोन मित्र आले होते. कांदेपोहे तोंडात, मिशीला शितं चिकटलेली, आणि भाऊजींच्या बढाया चालू. पहिल्यांदा पाकळी डावीकडची पडली म्हणे, म्हणजे नाही. दुसऱ्यांदाही डावीच. मग भाऊजींनी गुरवाला दटावलं, नीट गाऱ्हाणं घाल, पुन्हा विचार. तिसऱ्यांदा बरोब्बर पडली! आपल्या चिकाटीचं कौतुक सांगत होते गं. मी उठून बसले. मित्रांसमोरच म्हटलं, की देव दोनदा नाही म्हणाला तेव्हा तुम्ही बहिरे होतात काय? मग मोरीत जाऊन त्यांचा अंगारा ओतून टाकला.

देवाचा राग नाही हं मला. उलट कितीतरी दिवसांनी त्याच्यासमोर दिवा लावला आणि पोटभर रडले. आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. तुझ्यासाठी तो दोनदा नाही म्हणाला, अक्का. मी एकदाही म्हणाले नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शेवटची तू डबा घेऊन आलीस तेव्हा ह्यांनी दारातच तुला सांगितलं की कुंदा झोपली आहे, पुन्हा येऊ नका. मी झोपले नव्हते. पडद्यामागे उभी होते, सगळं ऐकत. तू तशीच जिना उतरलीस. त्यानंतरची दोन इंजेक्शनं मी चुकवली, घरात खोटंच सांगितलं की डॉक्टर रजेवर आहेत. पाठीवर तुझा हात नसताना दवाखान्यातल्या त्या बाकावर बसवेना. गुरुवारी सकाळी नऊला पुढचं आहे, आणि आता चुकवलंस तर आमच्या हातात काही नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. येशील? तुझं मन होत नसेल तर नको येऊस, तो हक्क तुझा आहे. मी एकटी जाईन, पण जाईन. दहिसरला तुझ्या घरी येऊन पाया पडायचंय मला, आणि त्यासाठी आधी जगायला हवं.

तुझीच, लाजलेली,
कुंदा