केस येईपर्यंत

आबा,

लोकर कातरण्याची तुमची कातर मी गेल्या महिन्यात पेटीतून काढली. तुम्ही गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. तिला धार लावली, तेल दिले आणि त्यानंतर जे केले, ते कुणाला तरी सांगणे भाग आहे. तुम्हाला वाचता येत नव्हते, कदाचित म्हणूनच तुम्हाला लिहितो.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात कुणी तरी सोडून दिलेले लहानसे कुत्रे नातीने घरी आणले. ते पांढरे, लांब केसांचे, मांजराहून थोडेसेच मोठे. केसांत चिखल आणि गाठी. "आजोबा, ठेवू या ना," ती म्हणाली. मी नकार दिला. कुत्रे कळपाच्या राखणीला असते, गादीवर बसायला नव्हे, असे तिला सांगितले. माझ्या वयाचाही विचार केला. माझ्यामागे त्याचे कोण करणार? अखेर फोटो पाहून बिडकीनच्या एका कुटुंबाने ते नेण्याचे कबूल केले. तेव्हा मी म्हणालो की द्यायचेच तर नीटनेटके करून देऊ. "आधी डॉक्टरांना विचारू," असे नात म्हणाली. "मेंढ्या कातरणाऱ्याच्या घरात डॉक्टर कशाला?" असे मी म्हणालो.

तुम्ही शिकवले तसेच केले. त्याला गुडघ्यांत धरले, कातडी ताणली आणि पोटाकडून सुरुवात केली. ते ओरडले नाही, माझे मनगट चाटत राहिले. मी हात थांबवला तेव्हा केसांच्या ढिगाशेजारी एक गुलाबी, थरथरणारा जीव उभा होता. नात खाली बसून केसांचा ढीग गोळा करू लागली. "गाठी मुळापर्यंत गेल्या होत्या," मी म्हणालो. तशा त्या गेल्या नव्हत्या. बऱ्याचशा विंचरून सुटल्या असत्या.

आणि मला तो दिवस आठवला. मी नुकताच चिकलठाण्याच्या कंपनीत लागलो आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे शहर बंद आहे, कंपनीची बस क्रांती चौकातूनच परत फिरते. शेजारच्या यंत्रावरचा माझा सोबती मोर्चाला जातो. मी ती सुटी समजून गावाकडे येतो. तुम्ही मेंढ्या कातरत बसला आहात. मी कंपनीच्या कपड्यांतच तुमच्या हातून कातर घेतो, घाई करतो आणि मेंढीच्या कुशीला चीर पडते. "मेंढी हलली," मी म्हणतो. तुम्ही चिरेवर हळद दाबता आणि माझ्याकडे न पाहता बोलता, "मेंढी हलंलच. हात तुझा व्हता." तुमचे शब्द होते तसेच लिहिले आहेत. ते शुद्ध करण्याचा मला अधिकार नाही.

बिडकीनची मंडळी आली. बाईंनी एकदा कुत्र्याकडे पाहिले, एकदा मोबाईलकडे. "ह्येच का ते? फोटूत तर लई झुबकेदार व्हतं." त्यांचे यजमान म्हणाले, "खरूज-बिरूज न्हाय ना?" नाही, केस कापले आहेत, एवढेच मी सांगितले. कुणी कापले, ते माझ्या तोंडून निघाले नाही. चहा घेऊन ती मंडळी रिकाम्या हातांनी परत गेली.

मग मी एकटाच रिक्षाने त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. "काका, मेंढी समजून कातरलं का काय?" त्यांनी थट्टेने विचारले. मी होय म्हणालो, तेव्हा त्यांचे हसू थांबले. अशा कुत्र्याला ऊन-थंडीपासून केसच राखतात. ते इतके खोल कापले की पुन्हा येतील, न येतील, सांगता येत नाही, असे ते म्हणाले. घरी येऊन मी जाहीर केले, "केस येईपर्यंत राहू द्या. मग त्याला कुणीही नेईल."

आता ते तुमच्या घोंगडीवर झोपते. त्या घोंगडीवर तुम्ही कधी कुत्र्याचा पाय पडू दिला नाही, हे मी विसरलेलो नाही. परंतु ते कुडकुडत होते आणि ते माझ्यामुळे कुडकुडत होते. मी उठलो की तेही उठते, माझ्या चपलेशी येऊन बसते. ज्याने त्याला उघडे केले, त्याच्याच मागे ते का फिरते, हे मला समजत नाही.

नात रोज शाळेतून आली की लांबूनच विचारते, "आजोबा, आले का केस?" मी चष्मा लावतो, त्याच्या पाठीवरून बोट फिरवतो. परवा मानेपाशी बोटाला मऊ लव लागली. काल ती खांद्यापर्यंत आली होती.

"अजून नाही," मी तिला सांगितले.