सेथ ऑर्मरॉड आणि माझी मागची भिंत

हॅलर्टन, यॉर्कशायर
६ मे १९३१

ती. ऑगस्टावहिनींना विनिफ्रेडचा सादर नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. समुद्राच्या हवेने तुमचा गुडघा वळणावर येतो आहे हे वाचून बरं वाटलं. नवे धर्मगुरू प्रवचन लांबवतात हे वाचून मात्र बरं वाटलं नाही (पहिल्या रांगेत बसून घड्याळ बाहेर काढा, उपाय लागू पडतो). माझी प्रकृती ठणठणीत आहे. हे पत्र केवळ खुशालीचं आहे, दुसरा हेतू नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, की एडमंडदादांची सख्खी बहीण, पदवीधर, सव्वीस वर्षं मुख्याध्यापिका, आणि तिच्या घरात फुटबॉल खेळणारा माणूस राहतो ही बातमी खरी का. खरी आहे. पाच वर्षं राहतो आहे. इथला क्लब आपले बिनलग्नाचे खेळाडू वक्तशीर बायकांच्या घरी ठेवतो, म्हणजे ते शुक्रवारी वेळेवर झोपतात आणि शनिवारी सकाळी उकडलेल्या माशाखेरीज काही खात नाहीत. मला वाटलं होतं, एखादा दांडगट येईल आणि जिन्यावर चिखल करील. आला तो सेथ ऑर्मरॉड. बूट दाराबाहेर काढून, टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, मला कोबी चालत नाही, बाकी सगळं चालतं." मी त्याला कोबी खायला शिकवलं. एवढीच काय ती आमची भांडणं.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगते. चौदाव्या वर्षी खाणीत. मग युद्ध, मग पुन्हा खाण. एकविसाव्या वर्षी क्लबचा माणूस खाणीच्या तोंडाशी उभा राहिला आणि हा कोळशाने माखलेला वर आला तसा त्याला करारावर सही करायला घेऊन गेला (कागदावर अंगठ्याचा काळा ठसा अजून आहे म्हणतात). तेव्हापासून बारा मोसम डाव्या बाजूचा हाफ. म्हणजे पुढच्यांना चेंडू पुरवायचा आणि मागच्यांचं ओझं वाहायचं; गोल दुसऱ्याच्या नावावर जातो. एकदा तो इंग्लंडकडून आयर्लंडविरुद्ध खेळला. त्याबद्दल मखमली टोपी मिळाली. मी म्हटलं, चर्चला घालून चल. तो म्हणाला, "ती घालायची नसते, बाई." मग टोपी कशाला देतात, असं विचारलं, तर म्हणाला, "ते मला कोणी सांगितलं नाही." मी ती कपाटात माझ्या पदवीच्या कागदाशेजारी ठेवली आहे. धूळ पुसताना टोपीवर अंमळ जास्त वेळ जातो हे कबूल करते.

फेब्रुवारीत क्लबच्या सेक्रेटरीने त्याला सांगितलं, "सेथ, पाय ठीक आहेत, पण हल्ली चेंडू तुझ्या पायावरून टेबलावरून उडावा तसा उडतो." मोसम संपला की क्लबच्या दारावर यादी लागते. यादीत नाव असलं तर आणखी एक वर्ष. नसलं आणि दुसऱ्या कोणी विचारलं नाही, तर तेहतिसाव्या वर्षी पुन्हा खाण. त्याचे दोन भाऊ खाणीच्या धुळीने खोकत गेले. सेथ यातलं काही बोलला नाही. त्याने फक्त कोबी दुसऱ्यांदा मागून घेतला. त्यावरून मी समजले.

आता इथली एक पद्धत ऐका. आठवडाभर खेळाडूंना चेंडू दाखवतच नाहीत. मैदानाभोवती पळवतात, दोरीच्या उड्या मारायला लावतात, मीठ घातलेल्या पाण्यात बसवतात. चेंडू कपाटात, किल्ली ट्रेनरच्या खिशात. ट्रेनर जोशुआ ग्रिमशॉ म्हणतो, सहा दिवस उपाशी ठेवलं की सातव्या दिवशी पोरं चेंडूवर तुटून पडतात. मी त्याला म्हटलं, या न्यायाने मी मुलींपासून लॅटिन लपवून ठेवायला हवं होतं आणि परीक्षेला एकदम वाढायला हवं होतं. तो म्हणाला, "लॅटिन घसरत नाही, बाई." (घसरतं. सव्वीस वर्षं पाहिलं आहे.)

मी दुकानातून चेंडू आणला. मागच्या अंगणात धुण्याच्या खोलीची भिंत आहे, तिच्यावर खडूने एक ते नऊ आकडे काढले, तीन ओळींत. मी आकडा पुकारायचा, सेथने तिथे चेंडू मारायचा, मी वहीत नोंद करायची. पहिल्या दिवशी विसापैकी अकरा. मी म्हटलं, "नापास." तो म्हणाला, "चेंडू नवा आहे." मी म्हटलं, "हे कारण तिसरीतल्या मुलीही देतात." एप्रिल उजाडेपर्यंत एकोणीस झाले. वहिनी, तुम्ही हे पाहिलेलं नाही, म्हणून नीट सांगते. चेंडू पन्हाळीच्या नळीवर आपटून भलत्याच दिशेने, डोक्याच्या उंचीवर परत यायचा, ओला, विटेसारखा जड. सेथ पाय उचलायचा आणि पाय चेंडूबरोबरच खाली आणायचा, आणि चेंडू निमूट जमिनीवर पडून राहायचा, निजवलेल्या तान्ह्या मुलासारखा. घाई दिसायची नाही. मी आयुष्यभर विद्वान पाहिले. इतकं पक्कं काही येणारा माणूस त्यांच्यात मला एकच भेटला होता, आणि तो फार बोलायचा.

दर गुरुवारी ट्रेनर घरोघर फिरून आपले खेळाडू पाहून जातो, हे मी विसरले. तो दारात उभा, चेंडू स्वयंपाकघरात, सेथ घामाघूम. चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालतो ती लोकरी टोपी मी उचलून चेंडूवर घातली आणि चेंडू टेबलावर ठेवला. ग्रिमशॉ बसला. हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "चहा गार होत असेल, बाई," आणि त्याने हात पुढे केला. मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "हात मागे." त्याने घेतला (त्याची बायको माझी विद्यार्थिनी, तो आवाज त्यांच्या घरात माहीत असावा). दहा मिनिटं आम्ही तिघं त्या टोपीभोवती बसलो. उठताना तो म्हणाला, "किटलीला चामड्याची नाडी कधीपासून असते?" चेंडूचं तोंड आवळायची नाडी टोपीखालून लोंबत होती. सेथ पांढराफटक झाला. मी म्हटलं, आता क्लबला सांगणार का? ग्रिमशॉ दारात थांबला. "मी काही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझी वीस वर्षं चुकीची ठरली असती." मग स्वतःची टोपी डोक्यावर चढवून म्हणाला, "हवा कमी आहे. भरून घ्या."

शेवटच्या शनिवारी मी जन्मात प्रथमच मैदानावर गेले. वीस हजार माणसं. मागचा एक म्हणाला, "मावशी, टोपीवरचा पक्षी उडवा, दिसत नाही." माझ्या टोपीवर पिसांचा पक्षी शिवलेला आहे; मी ती काढून मांडीवर घेतली. दुसरा ओरडत होता, "ऑर्मरॉड, काठी विसरलास की!" मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुढचा अर्धा तास कोणाचंच नाव घेतलं नाही.

एकही गोल झाला नव्हता. दहा मिनिटं राहिली होती. चेंडू आभाळातून सरळ खाली आला, पावसाने जड झालेला, आणि तिघे जण सेथच्या अंगावर धावले. त्याने तो निजवला. तिघे पुढे निघून गेले, थांबता येईना म्हणून. मग त्याने मान वर न करता चेंडू मैदान ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात पाठवला, जिथे कोणीच नव्हतं. चेंडू उतरेपर्यंत तिथे आमचा उजव्या कडेचा खेळाडू पोचलेला होता. गोल त्याचा. टाळ्या त्याच्या. पण त्याआधी, चेंडू हवेत असताना, ती वीस हजार माणसं एकदम गप्प झाली होती. प्रार्थनेतही इतकी गप्प होत नाहीत. माझ्या हातून टोपीवरचा पक्षी मोडला होता. मागचा माणूस हळूच म्हणाला, "मावशी, हा तुमचा कोण?" मी म्हटलं, "माझ्याकडे राहतो." तो सरकून बसला आणि मला जास्त जागा करून दिली.

आता पुरे. गुडघा जपा.

तुमची नणंद,
विनिफ्रेड

ता. क. यादी सोमवारी लागली. सेथ गेला नाही, मी गेले. बावीस नावं आहेत. दोनदा वाचली. त्याचं नाही. सेक्रेटरी म्हणाला, शनिवारचा खेळ सुंदर होता, पण यादी गुरुवारीच ठरली होती. मी त्याला काय म्हटलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही, तरी व्याकरण शुद्ध होतं.

आणखी एक. बारा वर्षांची नोकरी म्हणून क्लबने त्याला बदलीचे पैसे न मागता मोकळा सोडला आहे. आता तो हवा तिथे जाऊ शकतो. तुमच्या गावच्या, खालच्या तिसऱ्या विभागातल्या क्लबने त्याला दोन मोसमांसाठी मागितलं आहे. ग्रिमशॉने आपणहून त्यांना पत्र घातलं होतं. खाण टळली. फक्त त्या क्लबला ऑगस्टपासून त्याच्यासाठी एखादं सभ्य, वक्तशीर घर पाहिजे, आणि तुमची वरची पुढची खोली दादा गेल्यापासून रिकामी आहे. मी होय म्हणून कळवलं आहे.

शेवटचं. तुमच्या बागेमागची भिंत मागच्या खेपेला मी पाहिली आहे, उंची पुरेशी आहे. आकडे मी स्वतः येऊन काढून देईन. पुकारताना आवाज स्पष्ट ठेवा, आणि त्याला सतराच्या खाली जाऊ देऊ नका. इथे घर फार शांत होईल, म्हणून विसापैकी किती झाले तेवढं दर रविवारी कळवत जा. दुसरं काही लिहिलं नाहीत तरी चालेल.