फुगलेल्या बॅटरीचा फोन माझ्या घरातून न नेण्याबाबत

प्रति,
मा. अग्निसुरक्षा निरीक्षक,
हार्मालाहती नगरपालिका, फिनलंड

विषय : दिवंगत पतीचा फोन घातक कचऱ्यात जमा करण्यास मुदतवाढ मिळणेबाबत.
संदर्भ : आपली ऑक्टोबरमधील तपासणी व त्यानंतर आलेली नोटीस.

महोदय,

खाली सही करणारी मी, तुइया कोर्टेलाइनेन, तळ्याकाठच्या पिवळ्या घरात राहणारी, ग्रंथालयातून निवृत्त, सविनय कळवते की :

१. आपण धुराची सूचना देणारी यंत्रे तपासायला आलात, ती सर्व चालू निघाली. जाताना आपली नजर थंड व्हरांड्यातल्या फळीवर, मातीच्या ताटलीत ठेवलेल्या फोनवर गेली. त्याची पाठ फुगलेली पाहून आपण म्हणालात, "बाई, हा फोन नाही, फटाका आहे. वात तेवढी पेटायची राहिलीय." आता नोटीस आली की महिनाअखेर फोन जमा करावा, नाहीतर आपले कार्यालय तो घेऊन जाईल. शेजारचे ओलावी अंथरुणात पडून सिगारेट ओढतात, त्यांना नोटीस नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरे काय! हे वाक्य अर्जात शोभत नाही याची जाणीव आहे, तरी ते खोडत नाही.

२. नोटिशीत "बॅटरीची हेळसांड" असा शेरा आहे. तो मला मान्य नाही. माझे पती वेइयो बॅटरी जपण्यात गावात प्रसिद्ध होते. वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही, ऐंशीच्या वर चढवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, रात्रभर चार्जरला लावून झोपायचे नाही. मी हे सगळे त्यांच्यापेक्षा कडक पाळते. व्हरांड्याची भिंत सौनाच्या वाफेच्या न्हाणीघराला लागून आहे. वाफेची उष्णता फोनला बाधू नये म्हणून मी मार्चपासून सौना पेटवलेली नाही. सौना थंड ठेवणाऱ्या बाईविषयी इथे काय बोलतात ते आपणास सांगायला नको. बॅटरी फुगली ती वयाने.

३. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते. वेइयो बर्फाला भोक पाडून मासे धरायला जात. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, शिवाय तळ्याच्या मध्यावर फोन सारखा नेटवर्क शोधत राहतो. म्हणून ते फोन फ्लाइट मोडवर टाकून मी विणलेल्या लोकरी मोज्यात ठेवत. संकटात बॅटरी हवी ना, म्हणत. दिवसभरात सुचेल ते मला लिहून ठेवत आणि काठावर आले की फ्लाइट मोड काढत. मग माझ्या फोनवर एकदमच सगळे येई : "तीन मासे." "कॉफी संपली." "पाय गार पडलेत."

मार्चमध्ये बर्फ फुटला. सामानाची घसरगाडी वर राहिली, मोजा कोरडा राहिला, फोन चालू राहिला. वेइयो तळ्याने अजून परत दिलेले नाहीत.

४. त्या फोनच्या कुलूपबंद पडद्यावर एक ओळ आहे : "तुइया यांना एक संदेश पाठवायचा बाकी. नेटवर्क मिळताच जाईल."

५. दुरुस्तीवाल्या यार्मोला मी विचारले. तो म्हणाला, "बॅटरी बदलायची तर फोन बंद करावा लागणार, आणि बंद झाला की कोड मागणार. कोड आहे का तुझ्याकडे?" कोड वेइयोंच्या डोक्यात होता. मग तो हळूच म्हणाला, "पण तुइया, वरून बोट ओढलं की ते विमानाचं चिन्ह येतं. त्याला कोड लागत नाही. दाब की. लगेच येईल तुला." त्याला वाटले मला हे ठाऊक नव्हते.

६. नणंद सिरक्का तर ओरडलीच, "अगं, कॉफी संपली असेल, दुसरं काय लिहायचा तो! दाब आणि मोकळी हो." असेलही. कॉफीच संपलेली असेल तर मी सहन करीन. पण मग उद्यापासून मी कशाची वाट पाहू, हे सिरक्काने सांगितले नाही.

७. आणखी एक बाब नमूद करणे भाग आहे. एरवी आठवडाभर टक्का हलत नाही, पण दर शनिवारी, आम्ही दोघे सौनात बसायचो त्या वेळेला, तो उतरतो आणि फोन हाताला कोमट लागतो. यार्मो म्हणतो, फोन आतल्या आत आपली कामे करत असतो. कुठली कामे? वेइयोंनी सगळी बंद करून ठेवली होती. मला भीती वाटत नाही. मी ताटलीशेजारी खुर्ची घेऊन बसते. परवा पडद्यावरच्या ओळीत "एक" होते की "दोन", हे चष्मा लावून पुन्हा पाहावे लागले. एकच होते.

८. प्रथम मी वसंतापर्यंत मुदत मागणार होते. फोन वाळूच्या बादलीत, तळ्याच्या धक्क्यावर, घरापासून दूर ठेवण्याची तयारीही होती. परंतु काल पाठीची काच तडकली आणि तळ्याच्या कडेला पुन्हा बर्फ धरू लागला आहे. बॅटरी आपसूक गेली तर तो संदेश कायमचा आत राहील, हे मला कळते.

तरी विनंती अशी की फोन नेण्यासाठी माणूस न पाठवता आपण स्वतः यावे. मी माझा फोन मांडीवर घेऊन बसेन. विमानाच्या चिन्हावर बोट आपण ठेवावे. मी ते ठेवले तर वेइयोंचे बोलणे माझ्या हाताने संपेल. विझवणे हे आपले काम आहे, महोदय. मला ते येत नाही.

आपल्या येण्याकडे डोळे लावून,
तुइया कोर्टेलाइनेन
हार्मालाहती, १४ नोव्हेंबर

सोबत : नोटिशीची प्रत, यार्मो यांचा लेखी अभिप्राय. फोन जोडलेला नाही.