आहे त्या स्थितीत

सोमवार
नोकरी पक्की. चार्जिंग कंपनीच्या साहेबांनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं. इतकी वर्षं लोकांना दुकानं-गाळे भाड्यानं मिळवून दिले. आता विजेवरच्या गाड्या चार्ज करायला जागा मिळवायच्या. ही म्हणते, हमाली तीच, बिल्ला तेवढा नवा. नव्या गावातली खोली उजेडाची आहे. कंपनीची गाडी दारात उभी. ही तर त्या गाडीतून उतरायलाच तयार नाही.

बुधवार
पहिली जागा ठरली: बंद गोदामाचं तळघर, गाडी खाली नेता येईल असा उतार असलेलं. मालक म्हातारा, एकटा, तिरसट. पाणीसुद्धा विचारलं नाही, सारखं 'ओ दलाल' चाललं होतं. तळघर दाखवा म्हटलं तर म्हणाला, माझे गुडघे दुखतात, तुमचं तुम्ही बघा. मी दारातूनच मान घालून पाहिलं आणि करारात नेहमीचं कलम टाकलं: जागा आहे त्या स्थितीत, आत जे असेल त्यासह, घेतली. म्हाताऱ्यानं ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग पहिल्यांदा हसला.

शुक्रवार
चार्जर बसला. शेजारचा टायरवाला म्हणाला, तुम्ही घेतलंत होय? सुटलो बाबा एकदाचे. मग विचारलं, बायको आहे का? आहे म्हटल्यावर त्यानं शटर ओढून घेतलं.

मंगळवार
चार्जर झकास चालतो. ही रोज दुपारी गाडी लावते आणि आतच बसते. छान डुलकी लागते म्हणे. घरी येते ती मात्र गळून गेलेली, ओठ पांढरे.

गुरुवार
वीज कंपनीचा इंजिनिअर भेटला. जोडणी कधी हवी, विचारत होता. गाडी तर रोज चार्ज होते, म्हटलं. तो भडकला. वेड्यात काढू नका, म्हणाला, तिथं अजून वायरसुद्धा टाकलेली नाही.
चार्जरच्या मागं जाऊन पाहिलं. एक जाड केबल जमिनीत उतरलीय. आम्ही टाकलेली नाही. हात लावला. कोमट. आणि आत ठोके.

शुक्रवार
करार मोडायला मालकाकडे गेलो. दार उघडलं नाही. आतूनच ओरडला — माझी बायको त्यानं संपवली तेव्हा कोण आलं होतं रे? आत जे असेल त्यासह, तूच लिहिलंस ना? मग आता ते तुझं. तूच पोस.

शनिवार
तिथं जायचं नाही, हिला बजावलं होतं. मान डोलावली होती. दुपारी खोलीत नाही. गाडीही नाही.

मी तळघरात आहे. ही गाडीत, डोळे मिटलेले. श्वास — आहे, थोडा. दारं घट्ट. केबल ओढली, निघत नाही. काच फुटत नाही. हाका मारल्या तर पुटपुटली, थांबा हो, त्याचं अजून व्हायचंय —
इंजिनिअरला फोन केला. कुऱ्हाड घेऊन निघालाय.

हिचा श्वास अडकतोय. हट्टी भाडेकरूशी बोलायचो तसं जमिनीकडे तोंड करून बोललो. सही माझी आहे, म्हटलं. हिची नाही. हिला सोड, मी बसतो.
ठोके थांबले. दार उघडलं.

हिला बाहेर ओढलं, मी आत बसलो. ही धडपडत जिना चढून गेली. वर उजेडात पोचली, पाहिलं मी. माझ्या बाजूचं दार लागलं. आपोआप.
ठोके पुन्हा —
इंजिनिअर येईलच. आधी केबल तोडेल, मग दार. तोपर्यंत डोळे मिटायचे नाहीत. वर पावलं वाजतायत. तोच असणार. आता तो खाली येईल आणि