आईचा आखूडपंखी

१२ फेब्रुवारी

माणूस निघाला!

आईच्या पेटीतल्या दोन किड्यांचे पाय तपासायला दिले होते, आणि मशीनने उत्तर दिलं — माणूस. दोन्ही वेळा. लॅबमध्ये हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. चिमटा म्हणाला, "अगं, तुझा ढेकूण उत्क्रांत झाला." (त्याचं खरं नाव आता कुणी घेत नाही. हातात चिमटा नसला तर ह्या माणसाला चहाचा कपसुद्धा उचलता येत नसेल.) मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. आई गेल्यापासून तिच्या पेट्यांना पहिल्यांदा हात लावला, आणि पहिल्या घासालाच खडा.

हेडबाई हसल्या नाहीत. "हातमोजे घातले होतेस ना?" एवढंच विचारलं.

घातले होते. मी एवढी गबाळी नाही.

१३ फेब्रुवारी

बाबांना सगळं अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं. आई होती तोवर ती आणि मी बोलायचो आणि बाबा पेपर वाचायचे. किड्यांच्या कारभारात त्यांनी कधी नाक खुपसलं नाही. आता विचारतात. मी इथेच राहायला आलेय, तेव्हा संध्याकाळी बोलायला दुसरं आहे तरी कोण?

सांगितलं — किड्याचा एक पाय काढायचा, त्यातून डीएनएचा एक ठरलेला तुकडा वाचायचा. प्रत्येक जातीचा तो तुकडा वेगळा, दुकानातल्या पाकिटावरच्या काळ्या रेघांसारखा. ढेकणाच्या कुळातले ह्या भागात जेवढे म्हणून किडे आहेत त्यांची आम्ही अशी नोंद करतोय. झाडाचा रस पिणारे, पाण्यावर पळणारे, दुसऱ्या किड्यांना भोसकणारे, सगळे.

"आणि गादीतले?"

"तेही."

"मग शेजारीण म्हणते ते बरोबर आहे. ढेकूण मोजायचा पगार मिळत असेल तर आमच्याकडे पाठवा म्हणत होती."

आई असती तर शेजारणीची शाळा घेतली असती — सगळेच ढेकूण रक्त पीत नाहीत हो!

मग बाबांनी विचारलं, "म्हणजे हिचं खरं होतं की नाही, ते कळणार?"

कळणार म्हटलं. त्यांनी कप उचलले आणि आत गेले.

१६ फेब्रुवारी

आईचं म्हणणं काय होतं ते एकदा नीट मांडून ठेवते. डोक्यात नुसता गुंता झालाय.

आई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. कालव्याकाठच्या झाडांच्या खोडांवर तिला दोन प्रकारचे किडे सापडले. एक तपकिरी, पूर्ण पंखांचा. तो पुस्तकात आहे, सगळ्यांना माहीत आहे. दुसरा काळपट, पंख अर्ध्या पाठीपर्यंतच. आखूडपंखी. पुस्तकवाले म्हणतात दोघे एकच, काहींचे पंख वाढत नाहीत इतकंच. आई म्हणायची, नाही. वेगळी जात. दोनदा लेख पाठवला, दोन्ही वेळा साभार परत. "पंख आखूड राहिले म्हणून जात बदलत नाही," असं एका तज्ज्ञाने वर लिहून पाठवलं होतं. ते वाक्य तिला किती वर्षं टोचत राहिलं! जेवताना मध्येच काहीतरी आठवून ती मान हलवायची, तेव्हा मला कळायचं, हाच तो.

आता ती झाडंही नाहीत. गेल्या वर्षी तोडली, तिथे बसगाड्या उभ्या राहतात. आखूडपंखी दुसरीकडे कुठे सापडत नाही. उरलेत ते आईच्या पेटीतले.

ह्या नोकरीत मी आले ती तिचं खरं करून दाखवायला. रविवारी घरी आले की टेबलावर पेटी, दोघींच्या हातात भिंग, आणि वादावादी. पण तिने एकाचाही पाय काढू दिला नाही कधी. "मी गेल्यावर काय तो गोंधळ घाल," म्हणायची. मी चिडायचे. एवढं केलं की निकाल लागेल, मग अडवतेस कशाला?

गेली. आता घालतेय गोंधळ.

२० फेब्रुवारी

परत माणूस. दुसरे दोन किडे, तेच उत्तर.

बाईंनी ते लॅबमधल्या सगळ्यांच्या डीएनएशी ताडून बघितलं — आमचे सगळ्यांचे ठेवलेले असतात, कुणाचा हात लागला ते कळावं म्हणून. अक्षर न् अक्षर माझं! सगळ्यांसमोर पडद्यावर. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दुःखात आहेस, समजतं मला," म्हणाल्या. "पुढचे चिमटा करेल. तू त्या खोलीत नको."

मी एकही चूक केलेली नाही. पण कुणाला सांगू? मशीनच माझ्याविरुद्ध साक्ष देतंय.

२१ फेब्रुवारी

आज दिवसभर नुसत्या नोंदी भरल्या.

२८ फेब्रुवारी

चिमट्याने सगळं स्वतः केलं. पेटी उघडण्यापासून. मी त्या मजल्यावरही नव्हते.

माणूस. आणि तोही चिमट्याचा नाही. माझाच!

पडताळणीसाठी मुद्दाम रिकामी ठेवलेली नळी स्वच्छ. त्याच ट्रेमधले आम्ही पकडलेले बाकी किडे स्वच्छ, प्रत्येकाने आपापली जात सांगितली. फक्त आईच्याच किड्यांतून मी निघते. चिमटा डोकं खाजवत म्हणाला, "अगं, तू नुसतं बघितलंस तरी चिकटतेस की काय?"

आता पाय न काढलेले दोनच आखूडपंखी राहिलेत.

१ मार्च

कळलं.

सकाळी बाबा शर्टाचं बटण लावत बसले होते. दोरा सुईत जाईना, म्हणून त्यांनी त्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. मी चहा पीत होते. कप तसाच खाली ठेवला.

आईचा कुंचला! एवढ्या बारीक किड्याला टाचणी टोचता येत नाही, त्याला कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकाने चिकटवतात. त्यासाठी बारीक कुंचला लागतो, आणि त्याचे केस फिसकटले की आई तो ओठांत धरून टोक काढायची. दर किड्याला. मी ओरडायचे, अगं आई, काय काय औषधं असतात त्यात. ती म्हणायची, "इतकी वर्षं मेले का?" आणि परत ओठांत.

आणि आम्ही वाचतो तो तुकडा आईकडूनच मुलांना मिळतो, जसाच्या तसा. बापाचं त्यात काही नसतं. म्हणून माझं अक्षर न् अक्षर जुळलं.

ती मी नव्हतेच. आई होती ती. इतके दिवस लॅबमधली माणसं तिलाच हसत होती, आणि मी तिच्यावर चिडत होते.

बाबांना काही सांगितलं नाही. गच्चीवर जाऊन भरपूर रडले. दवाखान्यात रडले नव्हते, नंतर लोक भेटायला आले तेव्हाही नाही. आज रडले.

२ मार्च

बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शक्य आहे," म्हणाल्या. मग त्यांच्यातली हेडबाई जागी झाली — "पण हा तुकडा लहान असतो. गावातल्या कितीतरी जणांशी जुळेल. सिद्ध काही होत नाही."

जुळू दे. मला सिद्ध करायचं नाहीये.

मग कामाचं बोलल्या. नुसत्या पायाने भागणार नाही. पाय तुटलेल्या किड्यांत ब्लीच आत शिरेल, म्हणून ते बाद. उरलेले दोन्ही किडे कागदावरून सोडवायचे, डिंक विरघळवायचा, ब्लीचच्या पातळ पाण्यात धुऊन काढायचे, आणि मग अख्खाच किडा रसायनात ठेवायचा. धुतल्याशिवाय तो स्वतःचं काही बोलणार नाही. महिनाअखेर आमच्या नोंदींची यादी बंद होते. त्याआधी निकाल आला नाही तर आखूडपंखी पुस्तकातल्या नावाखालीच जाईल, आणि ती झाडं नसल्यामुळे परत कुणी उकरून काढणार नाही.

म्हणजे आईचं खरं करायचं तर आईला धुवायचं. विचार करून सांगते म्हटलं.

५ मार्च

चिमटा म्हणाला, "राहू दे ना ते दोन. कुणाचं अडलंय?"

आईचं अडलंय.

९ मार्च

बाबांना शेवटी सगळं सांगितलं. त्यांनी पेटी मागितली. डांबरगोळ्यांचा भपकारा आला तसं तोंड जरा बाजूला केलं, मग भिंग लावून किती तरी वेळ बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"कुठाय गं?"

"दिसत नाही, बाबा."

"पण आहे?"

"आहे."

पेटी बंद करून त्यांनी ती मांडीवरच ठेवली. "नको धुऊस," म्हणाले.

मला रागच आला. आयुष्यभर तिने वाट बघितली ह्याची. लोकांनी तिला वेड्यात काढलं. मी एवढंही करू नको? बाबा म्हणाले, निकाल नाही लागला तर काय बिघडणार आहे? म्हटलं, तुम्हाला तिच्या कामाचं कधी काही नव्हतंच. बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

ते काहीतरी सांगायला गेले. मग चष्मा पुसत बसले. "हट्टी आहेस. तिच्याइतकीच," एवढंच म्हणाले. जेवलेही नाहीत नीट.

१७ मार्च

धुतले.

बाईंनी मला परत त्या खोलीत जाऊ दिलं. चिमटा दाराशी उभा होता, विनोद वगैरे न करता. कोमट पाण्यात डिंक सुटायला वेळ लागला. आईचा डिंक पक्का, तिला काही ढिलं चालायचंच नाही. एक किडा आधी सुटला आणि तरंगायला लागला. दुसऱ्याला थोडा धक्का द्यावा लागला. लॅबचा कुंचला होता, त्याचे केस फिसकटलेले. क्षणभर वाटलं, धरावा ओठांत. धरला नाही.

मग ब्लीचचं पाणी. मग साधं पाणी, तीन वेळा. आईची माफी मागितली, मनातल्या मनात. तुझ्याचसाठी करतेय म्हटलं.

धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. नेहमी ओततो तसंच.

१८ मार्च

हात सारखे धुवावेसे वाटतायत, आणि धुववतही नाहीत.

२६ मार्च

निकाल आला. ह्या वेळी माणूस नाही. स्वच्छ, स्पष्ट, किडा.

एकच जात.

एका अक्षराचाही फरक नाही. पुस्तकातला तपकिरी आणि आईचा आखूडपंखी एकच. दोन्ही किड्यांचा निकाल तोच. बाईंनी दुसरा एक तुकडा मुद्दाम वाचायला लावला, तोही तेच सांगतो. तज्ज्ञाचं बरोबर होतं. पंख आखूड राहिले म्हणून जात बदलत नाही.

बाईंनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, मनाविरुद्ध असलं तरी उत्तर आहे. असेल. मला नको होतं हे उत्तर. ह्यासाठी मी तिला धुऊन टाकलं! शेवटच्या दोन अख्ख्या किड्यांवर तिचं जे काही उरलं होतं ते माझ्या हाताने बेसिनमध्ये ओतलं, आणि बदल्यात काय, तर आई चुकली होती. बरं झालं ती नाही हे ऐकायला, असंही मनात आलं. आणि मग त्याचीच लाज वाटली.

बसमध्ये सगळा वेळ एकच विचार. बाबांना काय सांगू? खोटं सांगितलं तरी त्यांना कुठे कळणार आहे? पण त्यांच्याशी त्या दिवशी जे बोलले, त्यावर आणखी खोटं नको.

आज गप्प राहिले. डोकं दुखतंय म्हटलं.

२७ मार्च

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला माहीत होतं."

दोन वर्षांपूर्वी आईला कालव्याकाठी जोडी सापडली होती. एक आखूडपंखी, एक पूर्ण पंखांचा, मीलनात गुंतलेले. त्याच खोडावर तशा आणखीही जोड्या. बराच वेळ बघत बसली म्हणे, आणि एकही पकडली नाही. घरी येऊन बाबांना बजावलं, "पोरीला सांगू नका. ती रविवारी येते ती ह्याच्यापायी."