सायकलची किल्ली माह्याजवळ आहे

अहो,

तुमच्या शर्टाच्या खिशातून सायकलची किल्ली काढली आहे, शोधत बसू नका. सुरभी आन् वेदांतले घेऊन मी शाळेच्या ग्राउंडवर चालली. आता साडेपाच वाजले, ऊन चढाच्या आत घरी येतो. डोक्याले दुपट्टे बांधले, पाणी घेतलं, दोघांच्याही खिशात कांदा ठेवला. म्हणून लू लागंल हे कारण मले सांगू नका.

तसंही तुम्हाले उन्हाची काळजी नाहीच. वेदांत भर बारा वाजता क्रिकेट खेळून येते, तवा तुम्ही त्याची पाठ थोपटता. सुरभीनं सकाळी सायकल काढली तं "काळी पडशील" म्हणून कुलूप लावता? तो काय उन्हात गोरा होते काय?

पोरगी नऊ वर्षांची आहे. काल दुपारी पाहलं तं तोंडाले बेसन चोपडून आरशासमोर बसली होती. मले इचारते, "आई, आता जाऊ काय खेळाले?" तवापासून माहं डोकं तापून आहे.

उठल्यावर कूलरमध्ये पाणी टाका. बादल्या तुम्हीच भरा, आजपासून ते सुरभीचं काम नाही. आन् ती घरी आली की तिच्या रंगावर एक शब्द बोलू नका.

तुम्ही मले पाहाले येणार होते, त्या उन्हाळ्यात माह्या बाबांनी बाभुळगावले मले दोन महिने उंबऱ्याबाहेर पडू देलं नव्हतं. गोरी तं काही मी झाली नाही, सायकल मात्र शिकाची राहून गेली.

प्रणिता