फटफटीला चावी नसते

३ जाने. ५९, किहीम

आणि म्हणे मी पळून गेलो. पळालो असतो तर दर महिन्याला पंधरा रुपये कशाला पाठवले असते? दादाच्या कार्डात परत तेच. 'आई तुझ्या नावानं डोळे पुसते आणि तू दर्याकाठी साहेबाची फटफटी पुसत बसलास.' बसलोय. माळावरचे दगड वेचण्यापेक्षा बरं. बंगल्याचा राखणदार मी, नारळाला पाणी मी, मालक मे महिन्यात येईपर्यंत मालकही मीच.

फटफटी धाकट्या साहेबांची. (पुढं धा. सा.) विलायतेत शिकतात. गेल्या सुट्टीत ती बोटीतून आणली आणि इथंच ठेवून परत गेले शिकायला. नंबर तिथलाच, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. जाताना बजावलं, 'नामदेव, वर्षाच्या आत हिला परत न्यायचीय, सरकारला तसं लिहून दिलंय. दर रविवारी सुरू कर. पण फाटकाबाहेर काढू नकोस.'

ओहोटीला वाळू डांबरी सडकेगत घट्ट होते. ते लंडनातून कुठं दिसतंय.

६ जाने.

अंतूशेठच्या हॉटेलात चहा. सगळे फटफटीवरच. अंतूशेठ म्हणाला, 'तुझ्याशिवाय कुणाला जमेल का रे ती?' मी म्हटलं, 'बापजन्मात नाही. खटका अर्धा मागं, पेट्रोल जरा थबथबू द्यायचं, मग लाथ. चुकली तर पायाची नळी मोडते. किहिमात ही लाथ एकाचीच.'

कोपऱ्यात हरी नाखवा बसलेला. नुसता हसला. 'घाटी, तू होरीत बसलास का वकतोस नं फटफटीवर राजा?' सगळे हसले; त्याच्या होडीत मी ओकलो ते गावाला ठाऊक.

त्याला मागच्या महिन्यात मीच शिकवली, दोन पापलेटांवर. ते बोललो नाही. फुशारकीत वाटेकरी कशाला.

१० जाने.

काल अवस होती. आज सकाळी छपरीत गेलो तर चाकाच्या तारांत ओली वाळू. साखळीत वाळू. टाकी हलवली तर खुळखुळ, निम्मी रिकामी. मी रविवारपासून हात लावलेला नाही.

किनाऱ्यावर गेलो. पाण्याकडून नारळीपर्यंत चाकाची एकच रेघ. मध्यरात्री भरती होती, म्हणजे रेघ त्यानंतरची. हे भरती-ओहोटीचं गणित मला हरीनंच शिकवलेलं.

ताडपत्री होती तशी घातलेली. दोरी मात्र वेगळी बांधलेली.

मी दावं बांधतो तशी बांधतो, बैलाला बांधतात तशी. आजची गाठ होडीची. ओढली की आवळते. सोडवायला मला चाकू लागला.

१३ जाने.

कस्टमची जीप आली. अवसेला कुठल्याशा गलबतातून सोनं उतरलं म्हणतात. बोंबील वाळत घालणाऱ्या म्हातारीनं पहाटे फटफटी जाताना बघितली. माणूस दिसला नाही. पांढरी अक्षरं दिसली. गावात फटफटी ही एकच.

जीपच्या साहेबानं हॉटेलात विचारलं, कोण चालवतो? अंतूशेठ बिचारा खरं तेच बोलला. 'नामाच. दुसऱ्याच्यानं सुरूच होत नाही. तोच सांगतो ना.'

साहेब माझ्याकडं बघून म्हणाला, 'किल्ली कुठंय?' म्हटलं, साहेब, हिला चावी नसते. 'मग?' मग काही नाही. कुणीही लाथ मारावी. पण हे आता कोण ऐकणार.

सध्या नेलं नाही. गाव सोडायचं नाही म्हणाले.

१४ जाने.

हरी जाळं सांधत होता. बायको शेजारी, म्हणून हळूच म्हटलं, 'नाखवा, गाठ कुनाची?'

'कनची गाठ?'

'ताडपत्रीची.'

हात थांबले. मग बायकोला म्हणाला, 'जा गो, पानी आन.' ती गेल्यावर, 'तू मना बगितलास?'

'न्हाई.'

'मंग झोप. पुढच्या अवसेला पन असाच झोप. घाटी हायेस, घाटावर आईस हाय तुजी. मना होरीला इंजिन लावायचाय, तुजा वाईट नाय करायचा.'

'आन मला धरलं तर?'

'नाय धरनार. पेटीत बग.'

फटफटीच्या हत्यारांच्या पेटीत पान्याखाली शंभराच्या दोन नोटा. मासळीचा वास. हात लावला नाही. परत झाकली.

१९ जाने.

प्लग काढला. फडक्यात गुंडाळून कमरेला. आता मारू दे लाथा.

धा. सा. ना कळवावं का? पाकिटावरचा इंग्रजी पत्ता पोस्टमास्तरांकडून लिहून घ्यावा लागणार. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, हरीला त्याआधी. आणि लिहू काय? फाटकाबाहेर काढली नाही असं?

२६ जाने.

शाळेत झेंडा. मुलांना खाऊ. हरीचा धाकटा मला बघून दुसरीकडं गेला, एरवी फटफटीवर बसव म्हणून मागं लागतो. कोळीवाड्यात मला कुणी मासळी देत नाही. पैसे दिले तरी 'सरली' म्हणतात. टोपलीत दिसत असते.

१ फेब्रु.

जीपचा साहेब एकटाच आला. नारळपाणी प्याला. चांगलं बोलला, त्याचीच जास्त भीती वाटली. 'तुझ्या तोंडून नाव आलं तर तू साक्षीदार. नाही आलं तर गाडी तुझी, लाथ तुझी, माल तुझा. अवसेच्या आत ठरव.'

हरीचं नाव सांगितलं तर कोळीवाडा मला इथं जगू देणार नाही. नाही सांगितलं तर तुरुंग. दादाला बरं होईल. म्हणेल, बघ, म्हटलं नव्हतं?

४ फेब्रु.

सकाळी ताडपत्रीखाली, सीटवर, एक नवा प्लग. कागदातला, कोरा. सोबत चिठ्ठी नाही. दोरीला तीच गाठ.

त्याला कळलंय. आणि आता माझी गरजही नाही.

६ फेब्रु.

उद्या अवस. सकाळी दर्या फार लांब गेलेला. मधली वाळू घट्ट, स्वच्छ, एक पाऊल नाही.

दोन्ही प्लग माझ्याच कमरेला. हरी दुपारी फाटकाशी उभा होता. आत आला नाही. 'घाटी, जेवलास का?' म्हणाला. जेवलो म्हटलं. तसाच मागं फिरला. जीप अलिबागेच्या सडकेला चिंचेखाली उभी आहे म्हणतात.

पेटी उघडली. या वेळी नोटांना हात लावला.

पोस्टात गेलो. मास्तर म्हणाले, 'नामदेव, आकडा चुकला काय रे?' नाही म्हटलं, बरोबर आहे.

आईच्या नावे मनीऑर्डर, रु. दोनशे पंधरा.